दुसरी टीप

मापुत्स्वेच्या दवाखान्यात शनिवारी फार गर्दी.
कारखान्याला सुट्टी, हातात पगार.
लेसोथोच्या थंडीत पोरी बाकावर बसतात
एकमेकींना चिकटून, खांद्यावर जाड ब्लँकेट,
नखांत निळा रंग.
डेनिमचा. तो धुऊन जात नाही.

केनेवे एकोणीस वर्षांची.
मीच बसवली होती तिच्या दंडात ती काडी,
कातडीखाली, बोटाला लागेल अशी.
त्या दिवशी रांगेत बेचाळीस जणी होत्या.
मी म्हणाले होते, "झालं. आता तीन वर्षं काळजी नाही."

काळजी नाही.
दोन शब्द, घाईत,
हातमोजे काढता काढता.

आज ती बाही वर सारते, दंड चाचपते.
"आहे की जागेवर, म्मे."
(म्मे म्हणजे आई. इथे नर्सलाही तसंच म्हणतात.)
"मग ती रक्ताची तपासणी मला कशाला?"

मोहलोमी खाणीत असतो, पुलापलीकडच्या देशात.
महिनाअखेरीस येतो, साखर आणि साबण घेऊन.
"निरोधाचं नाव काढलं की म्हणतो,
काडी आहे ना तुझ्या दंडात?
की माझ्यावर भरवसा नाही?
मला काही उत्तर सुचत नाही."

खुर्ची ओढून मी तिच्या शेजारी बसले.
"मी तुला अर्धंच सांगितलं, केनेवे.
काडी पाळणा लांबवते.
एचआयव्हीला ती अडवत नाही.
त्याला ती दिसतसुद्धा नाही."

बराच वेळ ती स्वतःच्या जीन्सच्या शिवणीवर
अंगठा फिरवत राहिली.
"इथे आम्ही दोन टिपा मारतो, म्मे.
आतली कापड जोडते.
बाहेरची, ही नारिंगी, ओढ सोसते.
एक जरी राहिली, तरी मुकादम अख्खी पँट तोंडावर फेकतो."
मग माझ्याकडे न बघता,
"तुम्ही मला एकाच टिपेवर घरी पाठवलंत?"

मी खाली बघितलं.
मान वर करायला वेळ लागला.

बोटाला सुई. एक थेंब.
पंधरा मिनिटं.
खिडकीबाहेर कुणाचं तट्टू
कुंपणाला पाठ घासत होतं.
आम्ही दोघी त्यालाच बघत बसलो.

एक रेघ.
इथे मात्र एकच बरी.

"तीन महिन्यांनी पुन्हा ये. त्यालाही आण."
"नाही आला तर?"
"तर तू ये."

पाकिटं तिने मोजून घेतली, नग मोजावेत तशी.
तारीख कुठे बघायची, आतली हवा बोटाने कशी दाबून बघायची,
फाडताना दात का लावायचे नाहीत,
सगळं दोनदा विचारलं.
दारात थांबली.
"भरवसा वेगळा आणि टीप वेगळी,
असं सांगू का त्याला?"
सांग म्हणाले.

आता एकेकीला मला चार मिनिटं जास्त लागतात.
बाहेर रांग कुरकुरते.
कुरकुरू दे.