पाठ

वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रस्त्यावर
रामजियावन मिस्त्री टूलला धार लावायचा
तेव्हा आम्हा पोरांकडे पाठ करायचा.
घामाने चिकटलेली खाकी, दोन खांद्यांमध्ये
तेलाचा डाग, आंब्याच्या कोयीएवढा.
चार वर्षांत मला पाठ झाली
ती त्याची पाठ.

ठिणग्या दिसायच्या कोपरांच्या बाजूने.
आवाज यायचा, आधी खरखर, मग बारीक शीळ.
शीळ आली की झालं.
कानाने जेवढं चोरता आलं तेवढं चोरलं.
कोन काही कानात येत नाही.
विचारलं तर म्हणायचा, "देखते रहो."
काय देखते रहो?

पितळेला तोंड सपाट लागतं, लोखंडाला उतरतं,
एवढं एक वाक्य.
ते मला सापडायला चौऱ्याऐंशी साल उजाडलं
आणि दोन डझन टूल जळून निळी पडली,
त्यांचे पैसे पगारातून.

आता त्या शेडच्या जागी काचेची इमारत.
माझा ग्राइंडर किसननगरच्या खोलीत, पोटमाळ्याखाली.
सून शर्वाणी फोन बांधते
डब्यावर डबा ठेवून, हिंगाच्या डबीला रबरबँडने.
म्हणते, बाबा, बोला, जगाला सांगा.
जगाला!
शेजारच्या घाडीला चार शब्द सांगताना
माझा घसा कोरडा पडतो.

मी बसलोच नसतो.
पण तिने एकदा दाखवलं, कुणी एक पोरगा,
मागे ढणढण वाजतंय,
आणि हा ग्राइंडरपाशी उभा, हातमोजे घालून.
चार लाख लोकांनी बघितलेला.
हातमोजे! फिरत्या चाकाजवळ!
आमच्या शिरोडकरचं असंच झालं.
चाकाने मोजा ओढला, मोज्यात बोट होतं.
हे त्या चार लाखांना कोण सांगणार?
जेवण तसंच ठेवून फोनपुढे बसलो.

बोललो. चाक सुरू केलं. टूल धरलं.
शीळ आली.
शर्वाणी म्हणाली, "बाबा, काहीच नाही आलं.
सगळी तुमची पाठ आलीय."

पुन्हा केलं. पुन्हा पाठ.
तिसऱ्यांदा तिने खांदे धरून फिरवलं मला
तेव्हा हातावर सावली पडली,
टूलचं टोक दिसेना,
आणि कळलं की खिडकी पलीकडे आहे.
सोळा नंबरच्या शेडलाही खिडकी एकच होती,
त्याच अंगाला.

चाळीस वर्षं त्या माणसाला मनातून शिव्या घातल्या.
का त्याला लपवायचंही होतं
आणि उजेडही तिकडेच होता?
बस्तीला गेला तो, मुलीच्या लग्नाला.
परत आला नाही. विचारणार कुणाला?

टेबल ओढलं. खाली शेगडी होती, ती हलवली.
शर्वाणी कपाटावर चढली फोन घेऊन.
उजेड एकीकडून, जग दुसरीकडून,
मध्ये माझे हात, नखांत काळं गेलेले,
पहिल्यांदाच कुणाला तरी पूर्ण दिसणारे.
लाज वाटली, खरं सांगतो.

एकशे सहा जणांनी बघितलं. चार लाख नाही.
त्यातली एक भुसावळच्या आयटीआयमधली, मेहजबीन.
तिने फोटो धाडला, निळं पडलेलं टूल.
"काका, कुठे चुकलं?"
असा फोटो त्या काळी काढता आला असता
तर दोन डझन पाठवले असते मी. पण कुणाला?

शर्वाणीला म्हटलं, लिही, फोटो नको,
चाकाचा आवाज पाठव.

रात्री अकराला आला. सोळा सेकंद.
खरखर.
खरखर.
शीळ नाही.
"दाबतेयस तू," मी फोनलाच म्हणालो,
"हलकं धर, पाखरू धरतात तसं."
मग आठवलं, तिला ऐकू जात नाही,
तो बारका माईक दाबून धरावा लागतो.

पुन्हा लावला तिचा आवाज, मोठा करून,
कुठे शीळ दडलीय का बघायला.
घाडीने भिंतीवर दोनदा थाप मारली.