ताटाची डावी बाजू

हल शहरात नोव्हेंबरात चारलाच अंधारून येतं.
मी ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडते
आणि अनोळखी माणसांना नेमकं काय हवं होतं
ते ओळखण्याचे पैसे घेते.
एका कामाला सतरा पेन्स.

पूर्वी सोपं होतं म्हणतात.
काही शोधलं की दहा निळ्या ओळी यायच्या,
पंगतीला बसल्यासारख्या, माना खाली घालून.
आता एकाच पानावर
व्हिडिओ, फोटो, ताजी बातमी, नकाशा,
उद्या पाऊस पडेल का तेसुद्धा.
कुणाला कुठं वाढायचं, एवढाच प्रश्न.

ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.
डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर,
उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद.
जागा चुकली तर जेवणारा काही बोलत नाही,
फक्त थांबतो. जरासा.
ते जरासं थांबणंच मी मोजते.

परवा कुणीतरी 'सील' शोधलं.
कुणाचं वॉशिंग मशीन गळत असणार,
कुणाला वाळूवर लोळणारं ते मिशाळ जनावर बघायचं असणार.
दोघांना अर्धं अर्धं पान दिलं.
मशीनवाल्याला व्हिडिओ, रबर बसवणारे हात दिसायला हवेत.
जनावरवाल्याला फोटो.
बातमी नको.
बातमीत ते बहुतेक मेलेलं असतं.

आणि आज हे:
'सॉटिरिस चिप्स, रॅग्लन टेरेस'.

म्हणजे आमचीच गल्ली.
सर्वांत वर फोटो: कागदात पॅटी,
तिच्यावर चिप स्पाइसचा लाल भुरका.
मग दरपत्रक, दोन वर्षांपूर्वीचं.
मग नकाशा. 'सध्या उघडे आहे.'
तळाशी, अंगठ्याच्या नखाएवढा,
चाळीस सेकंदांचा व्हिडिओ.

दाबला.
काचेमागे आधी धूर, मग काचच नाही.
कोपऱ्यावरचा क्रीम रंगाचा टेलिफोन बूथ
नारिंगी झालेला.
सॉटिरिस रस्त्याच्या मधोमध, ॲप्रनसकट,
हातात झारा तसाच.
मग कॅमेरा डुगडुगला, वर गेला:
आमची इमारत, पहिला मजला, पिवळी खिडकी,
आणि खिडकीत एक बाई
लॅपटॉपकडे बघत बसलेली.

मंगळवार.
मी हेडफोन लावले होते.
मांजर उलटी का करतं, या प्रश्नाला
व्हिडिओ द्यावा की चार ओळींचं उत्तर,
यावर अडले होते.
आग मला बुधवारी कळली, दुधाला उतरले तेव्हा.

नियमावली सांगते: तुमची खासगी माहिती वापरू नका.
म्हणजे तो मला न विचारताच
स्पाइस दोनदा शिंपडायचा, ते नको.
म्हणायचा, 'तुझ्या जिभेला इथलं सगळं आजारी माणसाचं जेवण.'
तेही नको.
ज्यानं शोधलं त्याचं बघा.
पण तो कोण? भुकेला?
की लिमासोलमधली त्याची बहीण,
जिचा फोन तीन दिवस कुणी उचलत नाही?
शब्द तर दोघांचे तेच.

मी व्हिडिओ वर ओढला.
परत खाली नेला.
बातमी शोधली तर बातमी नव्हतीच,
कुणी मेलं नव्हतं.
घड्याळ लाल झालं, सतरा पेन्स गेले.

कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले.
दुकानाला प्लायवूड ठोकलेलं,
ओल्या राखेचा, जुन्या तेलाचा वास;
त्याला आमच्याकडे रकाना नाही.
प्लायवूडसमोर एक पोरगा, विद्यापीठातला असावा,
हुडीत हात, हातात फोन,
फोनचा उजेड हनुवटीवर.
'नकाशा तर उघडं म्हणतोय,' तो म्हणाला,
माझ्याशी की फोनशी, कळलं नाही.

मी वर बोट दाखवलं, पाटीकडे.
अर्धी जळलेली. 'सॉटि' एवढंच उरलेलं.

तो काही बोलला नाही.
फक्त थांबला.
जरासा.