परतीची तार

डावीकडे वळताना इंडिकेटरचा आवाज बदलला, तो सोमवारी.
एरवी टक्… टक्… असा,
घाई नसलेल्या पेन्शनरासारखा.
आता टकटकटकटक,
दारात कुरिअरवाला ताटकळल्यासारखा.

मुलगी रेडिंगहून म्हणाली, आई, गॅरेजला टाक.
गॅरेजवाला म्हणाला, नुसतं बघायचे ऐंशी पौंड,
दुरुस्तीचं मग बोलू.
आणि गुरुवारी एमओटी.

मंगळवारी पहाटे,
वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून
वॉल्नीचा पूल उतरताना काच खाली केली
आणि हात बाहेर काढला.
सांगलीत लूनावर शिकले होते तसा,
डावीकडे जायचंय म्हणून गोल गोल फिरवत,
बॅरोच्या बोचऱ्या गारांत.
मागच्या व्हॅनवाल्याने
आनंदाने मला उलट हात केला.
हॉर्नसुद्धा वाजवला.

गाडीच्या पुस्तकात एकच ओळ होती:
आवाज घाईत असेल, तर कुठलातरी दिवा लागत नाही.
ती मी दोनदा वाचली.
मग सगळे इंडिकेटर एकदम चालू ठेवून
गाडीला प्रदक्षिणा घातली.
पुढचा डावा ठीक. आरशावरचा ठीक.
मागचा डावा मेलेला,
आणि त्याच्या शेजारचा लाल
उगाच मिणमिणतोय.
हाक एकाला, ओ दुसऱ्याची.

नवा बल्ब, दोन पौंड तीस.
डिक्कीतला गालिचा उचकटून,
दोन नखं मोडून बसवला.
टकटकटकटक.
फ्यूज काढून उजेडात धरला, शाबूत.
शिव्या दिल्या, मराठीत, मोकळेपणाने,
आमच्या गल्लीत त्याला कुणाची हरकत नसते.

त्या ऐकूनच बहुधा समोरचे पोसल्थवेट आले.
वय एक्याऐंशी, पायात सपाता,
तीस वर्षं पाणबुड्यांच्या पोटात तारा ओढलेल्या.
त्यांनी दिव्याकडे पाहिलंच नाही.
बोटं आत घातली, चाचपली,
आणि म्हणाले, युवर अर्थ्स गॉन, लव्ह.

अर्थ गेलाय.
मला ते आधी मराठीतच ऐकू आलं,
आणि मी डिक्कीला टेकून हसत सुटले.
का, ते काही त्यांना समजावता येईना.

जाणारी तार सगळे बघतात, ते सांगू लागले,
परतीची कुणी बघत नाही.
इथून निघालेल्या विजेला परत यायला
पत्र्यावर एवढीशी जागा लागते.
ती गंजली की बिचारी
शेजारच्या दिव्यात शिरते,
त्याच्या घरातून वाट काढत जाते
निम्म्या जोमाने.
टॉर्च नीट धर, म्हणाले.
मी नीट धरला.

स्क्रूभोवती हिरवं साचलेलं.
समुद्राची हवा, ते म्हणाले.
कळकलंय, मी म्हणाले,
आणि घरातून चिंचेचा कोळ आणला.
त्यांनी वास घेतला, बोट बुडवून चाखला,
गाडीला नको म्हणाले,
खिशातून सँडपेपरचा तुकडा काढला
आणि घासत बसले, डोळे मिटून,
पत्रा पांढरा होईपर्यंत.
(कोळ वाटीसकट त्यांच्या घरी गेला.
वाटी अजून आलेली नाही.)

मग मी आत बसले, दांडी खाली केली.
टक्… टक्…
आरशात पाहिलं.
पोसल्थवेट गाडीमागे ताठ उभे,
हात पाठीशी, जणू कप्तान येणार आहे.
त्यांच्या जाड काचांच्या चष्म्यात
दोन छोटे केशरी ठिपके
लागत होते, विझत होते, लागत होते.

एवढ्या जवळून.
आणि तरी त्यांनी जरा वाकून विचारलं,
लागला का गं?

तेव्हा आठवलं, गेल्या वर्षीच
त्यांनी लायसन्स परत पाठवलं होतं.

लागला, मी म्हणाले. अगदी झकास लागला.
आणि दांडी तशीच राहू दिली थोडा वेळ,
कुठेच वळायचं नसताना.