काही मिळून आले नाही

अजनीचा पूल उतरलो
की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो,
बॅरिकेड असो नसो.

नागपूरच्या मे महिन्यात कूलरचा पंप जळतो भरदुपारी
आणि मला फोन येतो रात्री,
मालक घरी आल्यावर.
थैलीत तीन पाने, पक्कड, टेस्टर, वायरची गुंडाळी,
तळाशी वाळ्याचा भुगा,
कितीही झटकला तरी उरतोच.

"कुठून येऊन राहिला बे?"
धरमपेठेहून, साहेब.
नाव सांगितलं की आडनाव.
आडनाव सांगितलं की वस्ती.
टोली म्हटलं
की थैली.

एकाने वाळ्याची काडी बोटांत चोळून हुंगली,
डोळे बारीक केले, "गांजा?"
मी म्हणालो, "ठंडक."
हसायला नको होतं.
थैली डांबरावर पालथी झाली,
दहा नंबरचा पाना गटारात गेला.

अडवू नये असं कुठे म्हणतो मी?
आमच्याच गल्लीत सुऱ्या घेऊन फिरणाऱ्याला
कोणी वेळेवर थांबवलं असतं
तर मुरलीचा पोरगा आज पानठेल्यावर बसला असता.
त्या रात्री मात्र पुलाखाली
ते माझे पाने मोजत होते.

दिवाळीत शिंपी टेप घेऊन पुढे आला
आणि माझे दोन्ही हात वर गेले,
डोक्याच्याही वर.
"भाऊ," तो म्हणाला, "छातीचं माप आहे फक्त."

काल बॅरिकेडला एक बाई होत्या, हवालदार.
टॉर्च आधी स्वतःच्या नावाच्या पट्टीवर धरला:
र. सोनकुसरे.
"तासाभरापूर्वी नरेंद्रनगरात कुलूप तुटलं.
तुमच्या थैलीत अवजारं दिसतात, म्हणून थांबवलं."

तुमच्या.
मी मागे वळून पाहिलं,
कोणाशी बोलतात म्हणून.

पानठेला बंद करणारे दोघे पंच झाले.
जीपच्या बोनेटवर पेपर पसरला,
एकेक पाना ठेवला, लिहिला.
शिपायाने खिसे तपासले, सांगून, मग हात लावून.
भुगा बाईंनीही हुंगला.
"वाळा," म्हणाल्या. "आमच्या ताट्या बदलायच्या राहूनच गेल्या."
सगळं परत आत गेलं,
मी ठेवतो त्या क्रमाने नाही,
पण सगळं.

कागद पुढे केला. "वाचा आधी."
मी वाचला, टॉर्चच्या उजेडात, सावकाश,
मागे दोन गाड्या हॉर्न देत असताना.
खाली लिहिलं होतं:
काही मिळून आले नाही.

सरकारी अक्षरात माझ्याबद्दल
इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं.
रामेश्वरीपर्यंत तेच चार शब्द पुटपुटत गेलो
आणि मग रागच आला,
एवढ्याशा गोष्टीने आपण इतके खूश कसे?

आज पुन्हा धरमपेठेत पंप आहे.
बाईंची ड्यूटी आहे की नाही, ठाऊक नाही.
थैलीची चेन
मी निघतानाच उघडी ठेवली आहे.