शक्य तिथे

वेलिंग्टनच्या एका बंद खोलीत दोन हिवाळे
आम्ही दोन शब्दांवर भांडलो.
‘शक्य तिथे भूल द्यावी,’ असं मसुद्यात होतं.
कॉफी गार व्हायची.
कुणी म्हणायचं, डोंगरातल्या शेतावर डॉक्टर पोचणार कधी?
कुणी खर्चाचा तक्ता उघडायचं.
आणि एक गृहस्थ, स्वभावानं खरंच चांगला,
दर बैठकीत विचारायचा,
वासराला किती दुखतं ते मोजणार कशानं?
शेवटी ‘शक्य तिथे’ खोडलं गेलं.
मी घरी आले आणि बूट न काढताच झोपले.

आता ऑगस्ट. मटौरा नदीकाठी
दक्षिणेचा वारा पत्र्याच्या फटीतून गारा आत फेकतोय.
लॅकी ड्रमंडच्या गोठ्यात बेचाळीस वासरं,
केसांखाली अंगठ्याला लागतात
दोन-दोन बोरं. शिंगं फुटायचीत अजून.
लॅकी एकाहत्तरचा.
मी यायच्या आधीच त्यानं गॅसवर डागणी लाल केलेली.
म्हटलं, बंद कर, गॅस जळतोय फुकट.

डोळ्याच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या मुळाकडे
हाडाची एक कड जाते.
तिच्याखाली सुई. पलीकडे दुसरी.
मानेत तिसरी, रात्रीसाठी.
आणि मग थांबायचं.
दहा मिनिटं.

त्याला तेच झेपेना.
धडधाकट कडी दोनदा तपासली,
बादली इथली तिथे, तिथली इथे.
‘बाप माझा एवढ्यात वीस उरकायचा.’
कळ काढ, मी म्हटलं.
वासरानं काढायची ती कळ
आज तुझ्या वाट्याला आलीय,
हे मात्र म्हटलं नाही. त्याला आवडलं नसतं.

मग आपणहूनच त्यानं उजवा हात पुढे केला:
हे बोट लोकर कातरायच्या यंत्रात गेलं, सत्त्याहत्तर साली.
इन्व्हरकार्गिलच्या दवाखान्यापर्यंत दीड तास.
‘ओरडलास?’
‘नाही. धाकटा भाऊ बघत होता.’

घड्याळ झालं. टोचून पाहिलं, वासरू हललं नाही.
डागणी टेकली.
जळक्या केसांचा तोच जुना वास, तोच धूर,
आणि वासरू
मान वाकडी करून लॅकीच्या बाहीचं बटण चोखत होतं.
चप चप चप.
गोठ्यात दुसरा आवाज नव्हता.
लॅकी डागणी उचलायचंच विसरला,
मी मनगट धरून त्याचा हात वर घेतला.

‘लाथा मारायची ती,’ तो म्हणाला,
‘आम्हाला वाटायचं, वासरंच ती, मारणारच.
बाप म्हणायचा, दुधाच्या वेळेपर्यंत विसरतात.’
मग बराच वेळानं: ‘म्हणजे ते सगळं...’
वाक्य तिथंच राहिलं.
पन्नास वर्षं गुणिले वासरं,
हिशोब तोंडी करता येतो,
पण तो माझा नव्हता. मी पुढच्या सुया भरल्या.

संध्याकाळी सगळी दुधावर तुटून पडली.
तो कठड्याला टेकून बघत राहिला,
डोकी मोजत असावा, किंवा नसावा.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन,
चिडलेला: तिसऱ्या सुईचे अकरा डॉलर जास्त लावलेत!
खरंच लावले होते.
माफी मागितली, बिल दुरुस्त केलं.
खोलीतल्या त्या गृहस्थाची आठवण झाली. मोजायचं म्हणाला होता.

यंदा गेले तेव्हा गोठ्यात
स्वयंपाकघरातली एक जुनी खुर्ची होती,
एक पाय दोरीनं बांधलेला,
बसायच्या जागी घडी घातलेलं वर्तमानपत्र, वर चष्मा.
डागणी थंड, खिळ्याला टांगलेली.
‘टोच तू,’ तो म्हणाला,
आणि चष्मा पुसत बसला.