ओवेनला ओव्हनबद्दल चार शब्द

बस, ओवेन. तिथे नको, ते मांजराचं स्टूल.
माझ्या नातीशी लग्न करायचं म्हणतोस, कर.
पगार विचारणार नाही, दारू विचारणार नाही,
चर्चला जातोस का तेही नाही, मीच कुठे जाते.
फक्त ते सोलाणं हातात घे.
ट्रूडी म्हणाली, तू आजवर ओव्हन पेटवलेला नाहीस.
नाव ओवेन, आणि ओव्हन ठाऊक नाही!
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

माझा ट्रे आत गेलाय. तू शिकण्यापुरते सोल.

बटाटा घ्यावा पिठूळ.
तो मेणचट, गुळगुळीत, गोरापान असतो ना,
तो सॅलडला बरा. भाजायला घातलास
तर शेवटपर्यंत तोंड पाडून बसतो,
माझ्या थोरल्या दिरासारखा.
तुकडे दोन घासांचे कर.
एका घासाचा दिसला तर कंजूष म्हणतील,
तीन घासांचा म्हणजे बढाई,
आणि बढाई लँकाशायरमध्ये चालत नाही,
ती डोंगरापलीकडे, यॉर्कशायरला.

मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं.
कडा विरघळू लागल्या की उतरव,
अकराव्या मिनिटाला लापशी.
मग चाळणीत ओत, वाफ जाऊ दे.
इथेच लोक चुकतात. इथेच.
ओला बटाटा आणि तापली चरबी एकत्र आणू नये,
जशी माझी आई आणि माझी आत्या
एका मोटारीत बसवू नये.

आता झाकण धरून पातेलं हलव.
अरे, पाळणा हलवतोस का?
उधारी बुडवणाऱ्याची कॉलर धरतात तसं!
अंग खरबरीत व्हायला हवं, ओरखडे उठायला हवेत.
गुळगुळीत राहिलं त्याला खरपूसपणा येत नाही.
माणसांचंही तेच, पण ते तुला पुढे कळेल.

चरबी म्हणशील तर शेजारची बेरिल सांगेल हंसाची.
बेरिल दोनदा स्पेनला जाऊन आली, तेव्हापासून हंस.
आमच्याकडे मागच्या रविवारची, बरणीत जपलेली.
ट्रे आधी एवढा तापव
की बटाटा पडताच घरभर चर्र व्हावं.
चर्र नाही झालं, तर सगळं बाहेर काढ,
माझी माफी माग आणि पुन्हा तापव.
गर्दी करू नकोस. अंगाला अंग लागलं
की दोघेही घामेजतात, रंग कुणालाच चढत नाही.
आणि दार उघडून बघायचं नाही!
उतावळा नवरा दर पाच मिनिटांनी उघडतो.
पाऊण तासाने कूस बदलायची. एकदाच.

"एवढं काय त्यात?" असं तुझ्या चेहऱ्यावर लिहिलंय.
ऐक. ह्या गल्लीसमोरची गिरणी गेली,
बेकरीत आता मोबाईलची कव्हरं मिळतात,
फुटबॉलचं तर नावच काढू नकोस.
पण रविवारी दुपारी एक वाजता
इथली प्रत्येक काच वाफेने धुरकटते.
सँड्राचा घटस्फोट झाला तो
पाकिटातल्या गोठवलेल्या बटाट्यांवरून.
वकील म्हणाला, कारण दुसरंच. वकील काय म्हणणार!
आणि आमच्या आर्थरला खांदा देणारे सहा जण
चर्चच्या पायऱ्या उतरताना कुजबुजत होते:
हिल्डा आज माणशी किती करणार आहे?

धाकटा नातू शाळेतून शिकून आला,
बटाटा मुळात आपला नाहीच, पेरूचा.
(देश आहे, फळ नव्हे. मी विचारून घेतलं.)
म्हटलं, असेल बाबा. चहाही आपला नाही,
राजेसुद्धा जर्मनीहून आणले म्हणतात.
रविवार तरी आपला आहे ना?

हा वास कसला?
दार उघड. उघड म्हणते ना!
हं. वाचले.
कोपऱ्यातला तो, काळपट, जरा चिवट,
तसला आर्थरला आवडायचा.
तो नेहमी शेवटी ताटात उरतो.
"तू घे." "छे, तूच घे." "नको गं, पोट भरलं."
प्रत्येकाची नजर त्याच्यावर, हात मांडीवर,
तो गार होईपर्यंत.
ह्याला संस्कृती म्हणतात, ओवेन.

मग मी खाते.