गंग

अजमानच्या मासळी बंदरामागे
पत्र्याच्या शेडमधला आमचा बर्फ कारखाना.
ऑगस्ट. पहाटेचे तीन.
बाहेर हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर,
आत मिठाच्या पाण्यात बुडालेले दोनशे चाळीस डबे
आणि कॉम्प्रेसरची धाप.

मी हर्णैचा. बर्फ म्हणजे मला लादी.
फोडायची, भुशात लोटायची,
सुरमईवर पसरायची,
संध्याकाळपर्यंत टिकली तर देव पावला.

फिदा अली खपलूचा, बल्तिस्तान.
त्याच्या गावावर कायमचा बर्फ आहे.
कायमचा, असं तो दोनदा म्हणतो,
कारण इथे तो शब्द कुणी वापरत नाही,
इथे सगळं दोन वर्षांचं, मग पुन्हा शिक्का.

लादीला आकडा लावताना म्हणाला,
हा मेलेला. जिवंत बर्फ चालतो.
आम्ही त्याला गंग म्हणतो.
मी गंगा ऐकलं.
तो हसला नाही. म्हणाला, चालेल,
पाणी तिथूनच येतं.

मग डबे धुता धुता त्याने लग्न सांगितलं.
नर बर्फ काळा, दगडमातीने माखलेला.
मादी निळसर, पाझरणारी.
दोन डोंगरांवरून दोन वऱ्हाडं निघतात,
पाठीवर करंड्या.
वाटेत ओझं खाली ठेवायचं नाही,
एक शब्द बोलायचा नाही.
ऊन न पोचणाऱ्या कपारीत दोघांना शेजारी निजवायचं,
वर कोळसा, जवाचं तूस,
आणि परत फिरायचं.
बारा वर्षांनी नवा बर्फ चालू लागला तर लागला.

त्याच्या बापाने मादी वाहिली होती.
पाठीवर अजून डाग आहे, तळहाताएवढा,
तिथे त्याला चिमटा काढला तरी कळत नाही.

धरलं का? मी विचारलं,
कलमाचं विचारावं तसं.

फिदा अलीने पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं.
नववं वर्ष. मी इथे आलो त्याच साली लावलं.
मागच्या सुट्टीत वर जाऊन आलो.
कपारीतून ओल येत होती.
आता ओल म्हणजे धरलं की विरघळलं,
ते म्हाताऱ्यालाच कळायचं,
आणि म्हातारा...

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.
चौऱ्याऐंशी लाद्या.
खांद्यावर गोणपाट, त्यावर लादी,
पाणी कोपरापर्यंत उतरत होतं.
कुणी ठरवलं नव्हतं,
पण शेडपासून ट्रकपर्यंत
आम्ही दोघं गप्प चाललो.

सुपरवायझर कुरियन ओरडला,
भांडलात काय रे?

लाद्या ट्रकात ठेवल्या.
मगच म्हणालो, नाही.